परदेशी कविता-कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करायची: अनुवादकाचं नाव धरून चला

जगभरात आज काय लिहिलं जातंय, म्हणजे समकालीन आंतरराष्ट्रीय साहित्य, ते वाचायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बरेच जण भेटतात आणि बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आधीच एक यादी सेव्ह केलेली असते, आयुष्यात वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं वगैरे. ती यादी सध्या राहू द्या. मीही यादीनेच सुरुवात केली होती, पहिलंच पुस्तक सातशे पानांचं निघालं, तीन महिने तिथेच अडकलो आणि हे आपल्याला जमणारं नाही असं ठरवून टाकलं. पुन्हा गाडी रुळावर आली ती एका छोट्या पुस्तकामुळे. ते आवडलं म्हणून आतल्या पानावर अनुवादकाचं नाव शोधलं, त्या बाईंनी अजून काय काय केलंय ते पाहिलं आणि तिथून पुढे वाट आपोआप सापडत गेली. या लेखात जे सांगतोय ते सगळं त्या एका सवयीच्या भोवती आहे.

आधी एक छोटी गोष्ट क्लिअर करू. समकालीन म्हणजे काय यावर वाद घालत बसू नका, साधारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत लिहिलेलं असं धरून चला. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द मात्र जरा जपून घ्या. अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी जेमतेम ३ टक्के अनुवादित असतात असं मानलं जातं, रोचेस्टर विद्यापीठात २००७ साली सुरू झालेल्या एका उपक्रमाने स्वतःचं नावच 'थ्री पर्सेंट' ठेवलं होतं. म्हणजे इंग्रजीतून आपल्यापर्यंत जे पोचतं ते आधीच एका बारीक चाळणीतून आलेलं असतं. त्यामुळे एखाद्या भाषेतलं एकच पुस्तक मिळालं तर त्या भाषेत एवढंच आहे असं समजू नका.

पहिली पायरी: एका बैठकीत संपणारी गोष्ट

कादंबरी नको. एकच कथा घ्या. मी सगळ्यांना केनियाच्या एन्गुगी वा थिओंगो यांची माणूस दोन पायांवर उभा का चालतो ही कथा सुचवतो. त्यांनी ती गिकुयू भाषेत लिहिली, इंग्रजी त्यांनी स्वतःच केलं, आणि २०१६ मध्ये जलाडा नावाच्या आफ्रिकन लेखकांच्या गटाने तिचे अनुवाद करायला सुरुवात केली ती वाढत वाढत शंभरहून जास्त भाषांत गेली. कथा इतकी सोपी आहे की लहान मुलाला सांगता येते, हात-पाय आणि बाकीच्या अवयवांमधलं भांडण आहे. पण वाचून झाल्यावर लक्षात येतं की कोण मोठा कोण छोटा या भांडणाबद्दलच लेखक बोलतोय. नेटवर वाचायला मिळते.

अशा दहा कथा वाचा, दहा वेगवेगळ्या देशांच्या. 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' हे २००३ पासून चालू असलेलं ऑनलाइन मासिक आणि 'असिम्टोट' हे २०११ पासूनचं, या दोन ठिकाणी इतकं मिळेल की वर्षभर पुरेल. असिम्टोटमध्ये बऱ्याचदा मूळ भाषेतला मजकूरही सोबत असतो. ती लिपी आपल्याला येत नसली तरी एकदा डोळ्यांखालून घाला, ओळी केवढ्या लांब आहेत, कुठे तुटतात, एवढं तर दिसतंच.

एक नियम मात्र पाळा. कथा कळली नाही तर लगेच रिव्ह्यू शोधू नका, दुसऱ्या दिवशी तीच कथा परत वाचा. पहिल्यांदा वाचताना आपली अर्धी शक्ती नावं आणि गावं लक्षात ठेवण्यातच जाते, कथा खरी हातात येते ती दुसऱ्या वाचनात.

नावांवरून आठवलं. कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं. २०२४ चं नोबेल मिळालेल्या हान कांग यांचं 'हान' हे आडनाव आहे. इंग्रजी पुस्तकांवर हंगेरियन नावं मात्र बहुतेक वेळा उलटी करून छापतात, कोरियन तशीच ठेवतात, त्यामुळे गोंधळ होतो. पात्रं पाचपेक्षा जास्त असतील तर बुकमार्कच्या कागदावरच नावं आणि नाती लिहून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पायरी: दीडशे-दोनशे पानांची कादंबरी, आणि आता अनुवादकाचं नाव बघायचं

इथे मी एक उदाहरण सविस्तर देतो म्हणजे पद्धत कळेल.

अर्जेंटिनाच्या समांता श्वेब्लिन यांची एक छोटी कादंबरी आहे, २०१४ ची. एक बाई हॉस्पिटलमध्ये पडलेली आहे आणि तिच्याशेजारी बसलेला एक मुलगा, तो तिचा मुलगा नाही, तिला प्रश्न विचारतोय. जवळजवळ सगळं पुस्तक हे त्यांचं बोलणं. इंग्रजीत कादंबरीचं नाव 'फीव्हर ड्रीम' झालं, म्हणजे तापात पडलेलं स्वप्न, पण स्पॅनिश नावाचा अर्थ आहे 'बचावाचं अंतर'. मुलगी आत्ता माझ्यापासून किती लांब आहे, काही झालं तर मी किती सेकंदात पोचेन, हा हिशोब हॉस्पिटलमधली ती बाई सतत मनात करत असते, आणि त्या अंतराला तिने दिलेलं नाव ते हे. नाव कळल्यावर पुस्तकाचा मध्य कुठे आहे ते कळतं. सोयाबीनची शेतं, फवारणीची विषारी औषधं, आजारी पडणारी मुलं, हे सगळं त्या अंतराच्या आत घडत राहतं. म्हणून अनुवादित पुस्तक हातात घेतलं की मूळ नावाचा शब्दशः अर्थ काय हे आधी शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. ओल्गा तोकार्चुक यांच्या 'फ्लाइट्स'चं पोलिश नाव हे एका भटक्या रशियन पंथाचं नाव आहे, सतत चालत राहिलं तरच सैतानापासून वाचतो असं मानणाऱ्या लोकांचं, आणि इंग्रजी नावावरून तर आपण फक्त विमानं इमॅजिन करतो!

आता पुढची स्टेप. श्वेब्लिनचं इंग्रजी केलंय मेगन मॅकडॉवेल यांनी. त्यांचं नाव सर्च करा. लगेच मारियाना एन्रिकेझ मिळतील, त्याही अर्जेंटिनाच्या, भुताखेतांच्या कथा लिहितात पण त्या भुतांच्या मागे १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत गायब केलेली माणसं उभी असतात. मग आलेहांद्रो साम्ब्रा मिळतील, चिलीचे, त्यांचं एक पुस्तक तर चक्क विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेच्या फॉर्ममध्ये लिहिलंय, खालीलपैकी योग्य पर्याय निवडा असं, आणि पर्याय वाचता वाचता लक्षात येतं की हुकूमशाहीत वाढलेल्या पिढीला योग्य उत्तर एकच असतं असं कसं शिकवलं गेलं. एका नावामागे गेलात आणि तीन लेखक, दोन देश आणि एका सबंध काळाची ओळख झाली. कुठलीही यादी हे करून देत नाही, कारण यादी बनवणाऱ्याला तुमची आवड माहीत नसते, आणि चांगला अनुवादक सहसा स्वतःला आवडेल तेच घेतो, म्हणजे त्याची आणि तुमची आवड एकदा जुळली की तो तुमचा भरवशाचा माणूस झाला.

उलट दिशेनेही करून बघा, एकच लेखक पण अनुवादक दोन. तोकार्चुक यांचं 'फ्लाइट्स' जेनिफर क्रॉफ्ट यांनी केलंय आणि म्हाताऱ्या बाईच्या तोंडून सांगितलेली, गावातल्या खुनांची कादंबरी अँटोनिया लॉइड-जोन्स यांनी. दोन्ही पुस्तकांतला आवाज वेगळा लागतो. त्यातला किती फरक लेखिकेने स्वतः केलेला आणि किती अनुवादकाचा, हा प्रश्न मनात ठेवून वाचा, उत्तर पक्कं मिळणार नाही पण कान तयार होतो. याच जेनिफर क्रॉफ्ट यांनी २०२१ मध्ये अनुवादकाचं नाव कव्हरवर यायला हवं अशी मोहीम सुरू केली होती, आणि नाव नसेल तर अनुवाद करणार नाही असं जाहीर सांगितलं होतं. मला ते शंभर टक्के पटतं. तुम्ही वाचता तो शब्द न् शब्द त्यांनी निवडलेला असतो.

अनुवादात काय हरवतं, आणि आपल्याला काय जास्त दिसतं

तुर्की, फिनिश, हंगेरियन या भाषांत 'तो' आणि 'ती' साठी एकच सर्वनाम आहे. म्हणजे तुर्की प्रेमकवितेतला प्रिय माणूस पुरुष की बाई हे मूळ कवितेत उघडं असू शकतं आणि इंग्रजीत येताना अनुवादकाला काहीतरी एक ठरवावं लागतं. मराठीत तर अजून कठीण, आपल्याकडे क्रियापदसुद्धा सांगतं, आला की आली. पण काही ठिकाणी आपली बाजू भक्कम आहे. जर्मन-फ्रेंचमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आहे, दोन माणसं कधी तुम्हीवरून तूवर येतात याला कथेत केवढं महत्त्व असतं, इंग्रजीत ते सगळं एका 'यू'मध्ये बुडून जातं. आपल्याला ती भानगड जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे जर्मन कादंबरी इंग्रजीतून वाचतानाही इथे ते तुम्ही म्हणत असतील की तू, असा अंदाज करत वाचा. मला यात फार मजा येते.

आणि चुका? होतात. हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन'ला २०१६ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा कोरियात अनुवादावर बरीच चर्चा झाली, डेबोरा स्मिथ यांनी काही ठिकाणी पाय या अर्थाच्या शब्दाला हात समजून घेतलंय, मूळची कोरडी भाषा जास्त नटवलीय वगैरे. स्मिथ यांनी नंतर त्यातल्या चुका दुरुस्तही केल्या. हे वाचून लोक म्हणतात मग अनुवाद वाचायचाच कशाला. मी म्हणतो वाचाच, आणि हे सगळं माहीत असताना वाचा. त्या कादंबरीत तीन भाग आहेत, नवरा सांगतो, मग बहिणीच्या नवऱ्याच्या बाजूने, मग बहिणीच्या, आणि जिने मांस खाणं सोडलं त्या बाईला मात्र स्वतःची गोष्ट सांगायला मिळत नाही, मध्ये मध्ये तिच्या स्वप्नांचे तुकडे येतात तेवढेच. ही रचना कुठल्याही अनुवादात हरवत नाही. अनुवादात शब्द हलतात, सांधा तसाच राहतो, म्हणून सुरुवातीला सांध्याकडे जास्त लक्ष द्या: कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, काय लपवतंय.

तिसरी पायरी: कविता, आणि ती कानाने

कवितेची लोकांना उगाच भीती वाटते. खरं तर वेळ कमी असेल तर कविताच सगळ्यात सोयीची, एक पान असतं.

सुरुवात पोलंडच्या विस्वावा शिंबोर्स्का यांच्यापासून करा, १९९६ चं नोबेल, २०१२ मध्ये गेल्या. आजच्या पिढीच्या त्या नाहीत पण दार म्हणून त्यांच्यासारखं दुसरं नाही. त्यांची एक छोटी कविता आहे, भविष्य हा शब्द उच्चारायला घेतला की त्याचं पहिलं अक्षर बोलता बोलताच भूतकाळात जमा होतं, अशा अर्थाची. आता हे मराठीत करून बघा, 'भ' म्हणा, गेला. कुठल्याही भाषेत ही कविता चालते कारण ती शब्दाच्या नादावर उभी नाही, बोलायला वेळ लागतो या साध्या गोष्टीवर उभी आहे. अशा कविता अनुवादात सहज येतात, नवीन वाचकाने आधी याच वाचाव्यात. इंग्रजीत क्लेअर कॅव्हना आणि स्तानिस्वाव बारान्चाक या जोडीचा अनुवाद घ्या.

मग उलट्या टोकाची घ्या. अरबीत 'बैत' म्हणजे घर आणि 'बैत' म्हणजेच कवितेची ओळ. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांच्या कवितेत घर पुन्हा पुन्हा येतं, घर सुटलेल्या माणसाचं, आणि अरबी वाचकाच्या कानात त्याच वेळी कवितेची ओळसुद्धा वाजत असते, म्हणजे घर गेलं तर राहायला ओळ आहे हे न सांगता कळतं. इंग्रजीत हे येणं अशक्य. हे एकदा माहीत झालं की दरवीश वाचताना घर हा शब्द आला की आपण थोडं थांबतो. म्हणून कवितेच्या पुस्तकातली अनुवादकाची प्रस्तावना सोडू नका, कादंबरीची प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते कारण त्यात कथानक फुटतं, कवितेची मात्र आधी वाचा.

आता कानाचं. बर्लिनहून चालणारी 'लिरिकलाइन' नावाची साइट आहे, १९९९ पासूनची, तिथे जगभरचे कवी स्वतःच्या आवाजात मूळ भाषेत कविता वाचतात, समोर मूळ ओळी आणि अनुवाद असतो. करायचं असं: आधी अनुवाद न बघता नुसतं ऐका, एक मिनिट. आवाज कुठे थांबतो, कुठे चढतो ते पकडा. मग अनुवाद वाचा. मग परत ऐका. कळत नसलेल्या भाषेत एखादी ओळ अचानक ओळखीची वाटायला लागते, तो क्षण मी कितीही वेळा अनुभवला तरी जुना होत नाही.

अजून एक व्यायाम. एकाच कवितेचे दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवा. एलियट वाइनबर्गर यांनी १९८७ मध्ये वांग वेई या आठव्या शतकातल्या चिनी कवीच्या फक्त २० अक्षरांच्या एका कवितेचे १९ अवतार गोळा करून एक छोटं पुस्तक केलं. मूळ कवितेत 'मी' हा शब्दच नाही, रिकामा डोंगर, माणसांचे आवाज, शेवाळावरचा उजेड एवढंच. आणि कितीतरी अनुवादकांनी त्यात 'मी' घुसवलाय, कारण कोणीतरी बघणारा असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कविता जुनी आहे पण आजची कुठलीही परदेशी कविता कशी वाचायची हे शिकायला याच्याइतकं पातळ आणि याच्याइतकं उपयोगी पुस्तक मला तरी माहीत नाही.

अनुवादाची भानगडच नको असेल तर इंग्रजीतच लिहिणारे पण दुसऱ्या भाषेतून आलेले कवी आहेत. इल्या कमिन्स्की ओडेसात जन्मले, लहानपणीच ऐकू येणं कमी झालं, पुढे अमेरिकेत गेले. त्यांच्या २०१९ च्या संग्रहात सैनिक एका बहिऱ्या मुलाला मारतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं गावच ऐकू येत नसल्यासारखं वागायला लागतं, आणि पानांवर मध्ये मध्ये खुणांच्या भाषेतली हातांची चित्रं आहेत. कविता आवडत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच देतो, कारण ते नाटकासारखं सलग वाचता येतं.

चौथी पायरी: निबंध

सांस्कृतिक निबंध म्हटलं की काहीतरी अवघड, तळटीपांनी भरलेलं असं लोकांना वाटतं. वलेरिया लुइसेली यांचं २०१७ चं छोटं पुस्तक घ्या. मेक्सिकोत जन्मलेली लेखिका, न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एकट्याने सीमा ओलांडून आलेल्या मुलांसाठी दुभाष्याचं काम करते. प्रत्येक मुलाला विचारायचे ४० प्रश्न छापील ठरलेले आहेत, पहिलाच, तू अमेरिकेत का आलास. ती त्या प्रश्नांच्याच सांगाड्यावर निबंध उभा करते. मुलांची उत्तरं त्या रकान्यांत बसत नाहीत, आणि घरी तिची छोटी मुलगी विचारत राहते की त्यांची गोष्ट शेवटी कशी संपते. निबंध म्हणजे काय हे यातून कळतं: एक खरा प्रश्न आणि त्याच्या मागे लागलेलं माणूस.

मग एन्गुगींकडे परत या. १९७८ मध्ये ते कामिती तुरुंगात होते, तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली, आणि १९८६ च्या भाषेवरच्या निबंधांच्या पुस्तकात शाळेत मातृभाषा बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशा अर्थाच्या पाट्या अडकवायचे ते सांगितलंय. आता ती पहिल्या पायरीवरची हलकीफुलकी कथा पुन्हा वाचा, ती गिकुयूत का लिहिली हे कळल्यावर ती तेवढी हलकी राहत नाही.

निबंध वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि दोनच खुणा करा, इथे हा माणूस स्वतः पाहिलेलं सांगतोय, आणि इथे ऐकलेलं किंवा वाचलेलं. बस. काही पुस्तकांत निबंध की कादंबरी हेच कळत नाही, फ्रान्सच्या आनी एर्नो यांचं वडिलांवरचं पुस्तक तसं आहे, शंभरेक पानांचं, १९८३ चं. त्यांनी मुद्दाम सपाट भाषा वापरलीय कारण कष्टकरी बापाबद्दल अलंकारिक लिहिणं त्यांना खोटं वाटत होतं. कप्पा ठरवत बसू नका, वाचा.

पुरस्कारांचं काय करायचं

थोडक्यात सांगतो. नोबेल लेखकाच्या एकूण कामाला मिळतं त्यामुळे त्यावरून कुठलं पुस्तक घ्यावं ते कळत नाही. आंतरराष्ट्रीय बुकर २०१६ पासून दरवर्षी एका अनुवादित पुस्तकाला मिळतं आणि ५०,००० पाउंड लेखक आणि अनुवादक यांच्यात अर्धे अर्धे वाटले जातात, म्हणून नवीन माणसासाठी तो जास्त कामाचा. पण विजेत्यापेक्षा त्या वर्षीची शॉर्टलिस्ट बघा, सहा पुस्तकं असतात, त्यातलं सगळ्यात पातळ उचला. २०२५ मध्ये पहिल्यांदाच कथासंग्रहाला मिळालं, बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा, अनुवाद दीपा भास्ती, तो कुठूनही उघडून वाचता येतो. ऑगस्ट महिन्यात जगभर अनुवादित लेखिकांची पुस्तकं वाचायचा उपक्रम चालतो, २०१४ पासून, तेव्हा लोक काय वाचतायत ते बघितलं तरी वर्षाची सोय होते.

नॉर्वेच्या यून फॉसे यांचं सात भागांचं, पूर्णविरामच नसलेलं पुस्तक आत्ता नका घेऊ. फार सुंदर आहे, म्हणूनच सांगतो, आधी वीसेक छोटी पुस्तकं होऊ द्या.

आणि एक देश एका पुस्तकावरून ठरवायचा नाही. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा अदिची यांचं २००९ चं भाषण आहे, एकाच गोष्टीच्या धोक्याबद्दल, वीस मिनिटांच्या आत संपतं, पहिलं पुस्तक उघडण्याआधी ऐकाच. मी स्वतःपुरतं असं ठरवलंय की एका भाषेतली किमान तीन पुस्तकं झाल्याशिवाय त्या समाजाबद्दल मत द्यायचं नाही, आणि त्यातलं एक तरी बाईने लिहिलेलं हवं.

वही ठेवा, मोबाइलमधली नोट पण चालेल. पुस्तकाचं मूळ नाव, त्याचा अर्थ, मूळ भाषा, साल, अनुवादक, आणि एक ओळ जी परत वाचावीशी वाटली, एवढंच लिहा. सहा महिन्यांनी त्यात एखादं अनुवादकाचं नाव तिसऱ्यांदा आलेलं दिसेल. पुढचं पुस्तक त्यांचंच घ्या, लेखक कोण आहे ते न बघता.